सोनोग्राफीचे चार रिपोर्ट, चार तारखा : बाळाचे दिवस खरे किती भरले, हे कसं ठरवायचं

नववा महिना लागेपर्यंत फाइलमध्ये तीन-चार सोनोग्राफीचे रिपोर्ट जमलेले असतात आणि प्रत्येकावर बाळंतपणाची तारीख वेगळी असते. कुणी म्हणतं शेवटचा रिपोर्ट ताजा, तोच धरा. कुणी मोबाइलमधल्या अ‍ॅपची तारीख सांगतं. कुणी सगळ्यांची सरासरी काढतं. या तिन्ही रीती चुकीच्या आहेत, आणि त्यातली पहिली सर्वांत जास्त नुकसान करते.

बाळाच्या वयासाठी सर्वांत जुना, म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट खरा. त्यानंतरचे सगळे रिपोर्ट बाळाची वाढ सांगतात, वय नाही. यंत्र मात्र प्रत्येक वेळी मापांवरून आठवडे काढून नवी तारीख छापतंच. ती छापील तारीख वाचून घरोघरी गोंधळ होतो. म्हणून हा सगळा क्रम एकदा नीट लावून घेऊ. निर्णय डॉक्टरांचाच, पण कागद तुमच्या हातात असतात आणि अर्ध्या चुका कागदांच्या असतात.

टप्पा १ : सोनोग्राफीच्या आधी पाळीची तारीख पक्की करा

पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरायचा. पाळी संपली तो दिवस नाही, आणि संबंध आला तो दिवसही नाही. रिपोर्टवर याला एलएमपी म्हणतात. या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजले की अपेक्षित तारीख येते. कागदावर सोपा हिशेब : नऊ महिने पुढे जा आणि सात दिवस मिळवा. नऊ महिने नऊ दिवस म्हणणाऱ्या आजीचा हिशेब दोनच दिवसांनी चुकतो.

तारीख आठवत नसेल तर अंदाजे ‘महिन्याच्या सुरुवातीला’ असं सांगू नका. सणवार आठवा. हळदीकुंकवाला बसता आलं होतं का, गौरी आल्या तेव्हा पाळी होती का, लग्नाला गेलात तेव्हा गोळी घेतली होती का? मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून ती तिथी तारखेत बदला. पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल तर तेही सांगा, कारण त्या महिन्याचा हिशेब मग तसाच धरता येत नाही.

पाळीची तारीख बिनचूक आठवत असूनही ती वयासाठी कच्ची ठरते, अशा वेळा :

पाळी ३५-४० दिवसांनी किंवा अनियमित येते, पीसीओडी आहे. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या होत्या. आधीच्या बाळाला अंगावर पाजत असताना, मधे पाळी न येताच दिवस राहिले. शेवटची पाळी नेहमीपेक्षा फार कमी, नुसते डाग पडावेत इतकीच गेली. हे शेवटचं विशेष लक्षात ठेवा. दिवस राहिल्यावरही थोडा रक्तस्राव होऊ शकतो आणि तो पाळी समजला गेला तर हिशेब सरळ एका महिन्याने मागे पडतो.

टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ राहिला असेल तर पाळीचा विचारच सोडा. पाच दिवसांचा भ्रूण सोडला असेल तर तो दिवस २ आठवडे ५ दिवसांचा धरतात आणि तिथून २६१ दिवसांनी तारीख येते. ही तारीख कुठल्याही सोनोग्राफीने बदलत नाही.

तपासून घ्या : तारीख, पाळीचं नेहमीचं अंतर आणि वरीलपैकी काही लागू आहे का, हे एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. सोनोग्राफी केंद्राच्या काउंटरवर घाईत प्रत्येक वेळी वेगळी तारीख सांगितली जाते आणि पुढचा अख्खा रिपोर्ट त्या चुकीच्या तारखेशी ताडला जातो. ही चूक इतकी नेहमीची आहे की दोन रिपोर्टमध्ये फरक दिसला की बाळाकडे बघण्याआधी दोन्हीवरची एलएमपी बघावी.

टप्पा २ : पहिली सोनोग्राफी योग्य वेळी करा

वय ठरवायला सर्वांत चांगला काळ म्हणजे साधारण ८ ते १३ आठवडे. पाळी चुकून चार दिवस झाले, टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच पळत जाण्यात वयाच्या दृष्टीने फायदा नाही. पाचव्या आठवड्यात फक्त पिशवी दिसते, बाळ नाही आणि ठोकेही नाहीत. मग ‘ठोके दिसत नाहीत’ हे वाक्य ऐकून घर दोन आठवडे काळजीत जातं. पोटात एका बाजूला दुखत असेल, रक्त जात असेल किंवा आधी नळीत गर्भ राहिला असेल तर मात्र वाट न बघता लगेच जायचं. तिथे प्रश्न वयाचा नसून गर्भ जागेवर आहे का, याचा असतो.

११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळात एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी होते. आधी सोनोग्राफी झाली नसेल तर तिच्यातच वयही पक्कं होतं. १४ वा आठवडा उलटला की सर्वांत अचूक माप हातचं गेलं.

जाताना काय न्यायचं : डॉक्टरांची चिठ्ठी, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, पाळीच्या तारखेचा कागद, आधीचे रिपोर्ट. कपडे दोन भागांतले असू द्या, म्हणजे पोट मोकळं करणं सोपं जातं. उपाशी राहायची गरज नाही. सुरुवातीच्या दिवसांत पोटावरून तपासणी असेल तर तासभर आधी दोन-तीन ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतात. आतून तपासणी असेल तर उलट लघवी करून जायचं. फोन करून विचारा, नाहीतर दोन तास पाणी पीत बाकावर बसावं लागतं. आतून केलेल्या सोनोग्राफीने गर्भ पडतो ही भीती निराधार आहे. सातव्या-आठव्या आठवड्यात तीच जास्त स्पष्ट दिसते.

केंद्रावर ‘फॉर्म एफ’ भरून घेतील. घरी मुलं किती, मुलगे किती, मुली किती हे विचारतील, आणि बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही अशा मजकुरावर तुमची सही घेतील. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने हे सक्तीचं आहे. लिंग सांगणं हा गुन्हा आहे आणि विचारणं हाही.

टप्पा ३ : रिपोर्टमधली नेमकी ओळ शोधा

पहिल्या तिमाहीच्या रिपोर्टमध्ये बघायचं ते माप एकच : सीआरएल. डोक्यापासून बैठकीपर्यंत बाळाची लांबी, मिलिमीटरमध्ये. ती साधारण ८४ मिलिमीटरपर्यंतच वयासाठी वापरतात. पुढे बाळ वाकतं-वळतं आणि माप बिनभरवशाचं होतं. नुसत्या पिशवीच्या आकारावरून काढलेले आठवडे सीआरएलइतके पक्के नसतात. पहिल्या रिपोर्टमध्ये सीआरएल नसेलच, तर तो रिपोर्ट तारखेसाठी पुरेसा नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघावं लागेल.

दोन ईडीडी, म्हणजे बाळंतपणाच्या अपेक्षित तारखा दिसतील. एक पाळीवरून काढलेली, दुसरी सोनोग्राफीवरून. या दोन तारखा शेजारी शेजारी असणं ही चूक नाही. त्यांतली कुठली धरायची हे कुणीच न लिहिणं, ही चूक आहे.

जुळी असतील तर प्रथा अशी की दोघांतल्या मोठ्या बाळाच्या सीआरएलवरून वय धरायचं. शिवाय जुळ्यांची वार एक आहे की दोन, हेही याच काळात स्पष्ट दिसतं. ते रिपोर्टमध्ये लिहिलं नसेल तर आवर्जून विचारा. नंतर ते सांगणं अवघड होतं आणि पुढची सगळी देखरेख त्यावर अवलंबून असते.

टप्पा ४ : दोन तारखांपैकी एक निवडा

नियम असा. दोन्ही तारखांमधला फरक ठराविक मर्यादेच्या आत असेल तर पाळीचीच तारीख ठेवायची, जास्त असेल तर सोनोग्राफीची घ्यायची. मर्यादा मात्र दिवस किती भरलेत त्यावर बदलते. अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेने दिलेल्या मर्यादा अशा आहेत :

८ आठवडे ६ दिवसांपर्यंत : ५ दिवसांपेक्षा जास्त फरक
९ आठवड्यांपासून १५ आठवडे ६ दिवसांपर्यंत : ७ दिवसांपेक्षा जास्त
१६ पासून २१ आठवडे ६ दिवसांपर्यंत : १० दिवसांपेक्षा जास्त
२२ पासून २७ आठवडे ६ दिवसांपर्यंत : १४ दिवसांपेक्षा जास्त
२८ आठवड्यांपुढे : २१ दिवसांपेक्षा जास्त

शेवटच्या ओळीवर क्षणभर थांबा. अठ्ठावीस आठवड्यांनंतरची सोनोग्राफी वयात तीन आठवडे इकडेतिकडे असू शकते. कारण साधं आहे. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच गतीने वाढतात. पुढे आईवडिलांची अंगकाठी, आईचं खाणं, रक्तदाब, साखर, वारेचं काम यांनुसार कुणी थोराड होतं, कुणी बारीक राहतं. बालवाडीतल्या पोराचं वय उंचीवरून सांगता येतं. दहावीच्या वर्गात तसं सांगायला गेलात तर फसाल.

आता एक काल्पनिक फाइल उघडू, तारखा २०२५ च्या घेऊन.

शेवटची पाळी १० जानेवारी, संक्रांतीच्या चार दिवस आधी. नऊ महिने सात दिवस म्हणजे १७ ऑक्टोबर. पाळी एरवी दीड महिन्याने येणारी.

पहिली सोनोग्राफी १७ मार्चला. पाळीप्रमाणे ९ आठवडे ३ दिवस हवेत. सीआरएल १७ मिलिमीटर, म्हणजे ८ आठवडे १ दिवस. फरक ९ दिवसांचा, मर्यादा ७ ची. म्हणून पाळीची तारीख सोडायची आणि सोनोग्राफीची घ्यायची : २६ ऑक्टोबर. हा निर्णय इथे संपला.

दुसरी सोनोग्राफी ९ जूनला. नव्या हिशेबाने २० आठवडे १ दिवस. यंत्राने मापांवरून १९ आठवडे ६ दिवस काढले आणि खाली २८ ऑक्टोबर छापलं. दोन दिवसांच्या या फरकाकडे ढुंकूनही बघायचं नाही.

तिसरी ८ सप्टेंबरला, गणपती गेल्यावर. खरे दिवस ३३ आठवडे १ दिवस. मापांवरून आले ३१ आठवडे २ दिवस, आणि छापलेली तारीख ८ नोव्हेंबर. घरी सगळे म्हणाले, तारीख पुढे गेली, अजून वेळ आहे. तारीख कुठेही गेलेली नाही. बाळ त्याच्या वयाच्या मानाने लहान दिसतंय, एवढंच हा रिपोर्ट सांगतो. ही बातमी निवांत बसायची नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायची आहे.

आणि उलट बाजूचा घोटाळा बघा. घरच्यांनी फाइलवर १७ ऑक्टोबरच कायम ठेवली असती आणि दसऱ्याला, साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून, २ ऑक्टोबरला सिझर ठरवलं असतं, तर जुन्या हिशेबाने ३७ आठवडे ६ दिवस ‘पूर्ण’ दिसले असते. प्रत्यक्षात बाळ ३६ आठवडे ४ दिवसांचं, म्हणजे अपुऱ्या दिवसांचं निघालं असतं.

टप्पा ५ : ठरलेली तारीख गोठवा

डॉक्टरांना विचारा : ‘डॉक्टर, आता यापुढे कुठली तारीख धरायची?’ त्यांच्या हाताने फाइलच्या पहिल्या पानावर ती एकच तारीख लिहून घ्या. माता व बाल संरक्षण कार्डावर जुनी तारीख असेल तर ती एका रेघेने खोडून नवी लिहायला सिस्टरना किंवा आशाताईंना सांगा. दोन्ही ठेवू नका. मोबाइलच्या अ‍ॅपमध्येही तारीख बदला, नाहीतर ते रोज सकाळी चुकीचा आठवडा सांगत राहील.

पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीला गेल्यावर काउंटरवर पाळीची तारीख विचारली की सोबत हेही सांगा : ‘पहिल्या सोनोग्राफीवरून तारीख दुरुस्त झाली आहे, ही बघा.’ पहिल्या रिपोर्टची प्रत पुढे करा. तसं केलं की रेडिऑलॉजिस्ट बाळाची मापं योग्य आठवड्याशी ताडतात.

सावध : पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत. डोहाळजेवण उरकून मुलगी सातव्या महिन्यात माहेरी जाते, डॉक्टर बदलतात आणि पहिल्या तिमाहीचा रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतो. नव्या डॉक्टरांसमोर मग आठव्या महिन्यातला एकच कागद असतो. बॅग भरताना साड्यांच्या आधी फाइल भरा आणि पहिल्या रिपोर्टचा फोटो फोनमध्येही ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचंही हेच होतं, तपासणी गावी आणि बाळंतपण कारखान्याच्या परिसरात. मुकादमाची गाडी निघण्याआधी आशाताईंकडून कार्डावर तारीख भरून घेतली असेल तर तिकडच्या दवाखान्यात चाचपडावं लागत नाही.

टप्पा ६ : पुढच्या सोनोग्राफ्या वाढीसाठी वाचा

१८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी व्यंग शोधण्यासाठी असते. ती वेळेत होण्यासाठीही खरे दिवस माहीत हवेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात कायद्यात २० आणि २४ आठवड्यांच्या मर्यादा आहेत, त्या याच दिवसांवर मोजल्या जातात. म्हणून विसाव्या आठवड्याच्या अलीकडेच ती उरका.

त्यानंतरच्या रिपोर्टमध्ये चार मापं असतात : बीपीडी आणि एचसी डोक्याची, एसी पोटाच्या घेराचं, एफएल मांडीच्या हाडाचं. प्रत्येकासमोर आठवडे लिहिलेले असतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. डोकं ३४ चं, पोट ३२ चं, मांडी ३३ ची, असं वाचून घाबरायचं कारण नाही. थोडा फरक सगळ्याच बाळांत असतो. बघायचं ते हे : पोटाचा घेर बाकीच्यांच्या मानाने फारच मागे आहे का? बाळाला वारेतून पुरेसं पोषण मिळत नसेल तर आधी पोट आटतं, डोकं शेवटपर्यंत वाढत राहतं. मधुमेही आईच्या बाळात उलट दिसतं, पोटाचा घेर पुढे धावतो.

वजनाचा अंदाज ही दुसरी ओळ. त्यात १० ते १५ टक्के चूक सहज असते. ३ किलो लिहिलं असेल तर बाळ पावणेतीनचंही असू शकतं आणि सव्वातीनचंही. नुसत्या किलोपेक्षा त्या आठवड्याला ते वजन कितव्या पर्सेंटाइलला आहे, म्हणजे त्याच वयाच्या शंभर बाळांत हलक्याकडून कितवं बसतं, हे विचारा. १० च्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा नाळेतल्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी सांगतील.

तपासून घ्या : वाढ एका रिपोर्टवरून कळत नाही, दोन लागतात, आणि त्या दोघांत निदान दोन आठवड्यांचं अंतर लागतं. चार दिवसांनी दुसऱ्या केंद्रात जाऊन ‘खात्री’ केली तर दिसणारा फरक यंत्राचा आणि मोजणाऱ्या हाताचा असतो, बाळाचा नसतो.

टप्पा ७ : पहिली सोनोग्राफीच उशिरा झाली असेल तर

पाळीची तारीख ठाऊक नाही आणि पहिल्यांदा दवाखान्यात आलात तेव्हा सातवा महिना. अशा वेळी एका सोनोग्राफीवरून ठाम तारीख देता येत नाही, आणि कुणी दिली तरी ती ठाम मानू नका. ३ ते ४ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून बाळ त्या काळात अपेक्षेइतकं वाढलं का, हे बघतात. वाढलं असेल तर पहिला अंदाज बऱ्यापैकी बरोबर. वाढलं नसेल तर बाळ लहान वयाचं नसून वाढ खुंटलेलं असण्याची शक्यता धरून चालावं लागतं.

अनुभवी रेडिऑलॉजिस्ट अशा वेळी हाडांची टोकं बघतात. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी एक लहानसा पांढरा ठिपका साधारण ३२ आठवड्यांच्या सुमारास दिसू लागतो, नडगीच्या वरच्या टोकाशी ३५-३६ च्या सुमारास. पडद्यावर गुडघ्याजवळ दोन्ही ठिपके स्पष्ट दिसले तर दिवस बरेच भरलेत, एवढं म्हणता येतं. नेमका आठवडा त्यातून निघत नाही, आणि वाढ खुंटलेल्या बाळात ते उशिरा दिसू शकतात.

उशीर झाला म्हणून सोनोग्राफी टाळायची मात्र नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची तपासणी मोफत होते. तिथून सोनोग्राफीची सोय विचारता येते.

टप्पा ८ : ‘बाळ तयार आहे का?’ या प्रश्नाला सोनोग्राफी काय उत्तर देते

फार थोडं. बाहेर आल्यावर बाळाला सर्वांत आधी लागतात ती फुफ्फुसं, आणि ती पिकली आहेत का हे सोनोग्राफीत खात्रीने दिसत नाही. त्याचा अंदाज भरलेल्या आठवड्यांवरूनच करायचा असतो. म्हणून तर पहिले पाच टप्पे तारखेवर खर्च केले. घरोघरी ज्या खुणा ‘तयार’ म्हणून वाचल्या जातात, त्या एकेक बघू.

‘वजन तीन किलो झालं.’ वजन म्हणजे पक्वता नव्हे. साखर ताब्यात नसलेल्या आईचं बाळ ३६ व्या आठवड्यात सव्वातीन किलोचं असू शकतं आणि जन्मल्यावर त्यालाच धाप लागू शकते. अशा बाळांची फुफ्फुसं उलट थोडी मागे राहतात.

‘वार ग्रेड थ्री झाली, पिकली.’ वारेत चुन्याच्या रेषा-ठिपके वाढतात त्यावरून ० ते ३ अशी प्रत लावतात. शेवटच्या आठवड्यांत ग्रेड ३ अगदी सामान्य आहे. त्यावरून बाळ काढायचं ठरत नाही, आणि फुफ्फुसं तयार झाल्याचा तो दाखलाही नाही. ३४ आठवड्यांच्या आत ग्रेड ३ दिसली, सोबत रक्तदाब वाढलेला असला, तर वाढ आणि डॉप्लर बघायचं ते निमित्त आहे.

‘पाणी कमी झालं.’ एएफआय, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याचं माप, साधारण ५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान चालतो. १० वरून ८ वर आला म्हणजे पाणी आटलं असं नाही. ५ च्या खाली गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

‘पाण्यात कण दिसतात, बाळाने शी केली.’ शेवटच्या दिवसांत बाळाच्या अंगावरचा पांढरा लेप सुटून पाण्यात तरंगतो. सोनोग्राफीतल्या कणांवरून शी ठरवता येत नाही.

‘सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ हे कुठून आलं देव जाणे, पण अजून सर्रास ऐकू येतं, आणि त्याच्यापायी आठव्यात कळा आल्या की माणसं हातपाय गाळतात. प्रत्येक जास्तीच्या आठवड्याने बाळाची शक्यता वाढतच जाते.

फुफ्फुसांसाठीची इंजेक्शनं याच टप्प्यात येतात. ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होण्याची खरी शक्यता असेल तेव्हा आईला स्टेरॉइड देतात. सरकारी पद्धतीत डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमचे चार डोस, दर १२ तासांनी. सगळ्या गरोदर बायांना सातव्या महिन्यात ‘घेऊन ठेवायची’ ही लस नाही. शेजारणीला दिली म्हणून मागू नका, आणि मधुमेह असेल तर नंतर साखर वाढते, हे आधीच विचारून ठेवा.

सावध : बाळाची हालचाल कमी झाली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर परवाची सोनोग्राफी चांगली होती हे कारण सांगून घरी थांबू नका. तो रिपोर्ट परवाचा. लगेच निघा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

टप्पा ९ : दिवस ठरवताना आठवडे बरोबर मोजा

इथे दोन चुका एकत्र येतात. पहिली, लागलेला आणि भरलेला यांची गल्लत. ‘३७ वा आठवडा लागला’ म्हणजे ३६ पूर्ण झाले, ३७ नाही. ‘नववा महिना लागला’ म्हणजे आठ महिने झाले, साधारण ३५ आठवडे. दुसरी चूक, ३७ ला रेघ ओढून त्यापुढे सगळं सारखंच मानणं. ३७ ते ३८ आठवडे ६ दिवस या काळात जन्मलेली बाळं वरवर पूर्ण दिवसांची दिसतात, पण श्वासाचा त्रास, साखर उतरणं, नीट न चोखणं, कावीळ हे त्यांच्यात ३९ आठवड्यांच्या बाळांपेक्षा जास्त आढळतं. म्हणून वैद्यकीय कारण नसताना ठरवून करायचं सिझर किंवा कळांचं इंजेक्शन ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी नको.

वरच्या फाइलमध्ये ३९ पूर्ण होतात १९ ऑक्टोबरला. घरच्यांना मुहूर्त बघायचाच असेल तर गुरुजींकडे जाण्याआधी डॉक्टरांकडून ‘या तारखेच्या आधी नाही’ अशी तारीख घ्या आणि गुरुजींना त्यानंतरचेच दिवस विचारा. क्रम उलटा झाला की दवाखान्यात घासाघीस सुरू होते.

आता याची दुसरी बाजू, कारण अर्धवट वाचून हट्ट धरणारेही भेटतात. रक्तदाब वाढला, वाढ खुंटली, डॉप्लर बिघडलं, साखर आवरेना, अशा वेळी डॉक्टर ३७ ला किंवा त्याहीआधी बाळंत करायला सांगतील. तिथे ‘३९ भरू द्या’ म्हणून अडून बसू नका. पोटात राहण्याचा धोका बाहेर येण्यापेक्षा जास्त झाला आहे, असा त्यांचा हिशेब असतो. शंका असेल तर नेमकं विचारा : आज किती आठवडे किती दिवस पूर्ण झाले, ते कुठल्या रिपोर्टवरून, आणि थांबलो तर धोका कशाचा? बाळाला ठेवायची वेळ आली तर नवजात शिशू कक्ष तिथेच आहे की दुसरीकडे हलवावं लागेल, हेही त्याच बैठकीत विचारून ठेवा.

तारीख उलटून गेली तरी पहिल्या रिपोर्टचाच हिशेब चालतो. आपल्या फाइलमध्ये २६ ऑक्टोबरला ४० पूर्ण, २ नोव्हेंबरला ४१. घरात कुणीतरी तिसरा रिपोर्ट काढून ‘यात ८ नोव्हेंबर आहे, थांबू’ म्हणेल. ऐकू नका. चाळीस भरल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवशी पाणी आणि ठोके तपासून घ्या, हालचाल रोज मोजा, आणि ४१ पूर्ण होत आले की कळा आणायच्या का, हे त्यांच्याशी बोलून दाखल व्हायचा दिवस ठरवा.